डावा दिवा, उजवा दिवा आणि एकच डबा : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

विमानाचे बाहेरचे दिवे एकाच डब्यात आणून आणि त्यांचा रंग बटणाने ठरवून अधिक सोपे आणि सर्वोपयोगी कसे करता येतील, या माझ्या मागील लेखावर आपण बार्शीहून पाठवलेली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : एक बल्ब आणि त्यावर एक रंगीत काच याहून साधे काही असूच शकत नाही, लाल किंवा हिरवा, पांढरा आणि स्ट्रोब (थांबून थांबून लखलखणारा तीव्र दिवा) असे तिन्ही दिवे एका डब्यात कोंबले तर एका बिघाडात सगळेच विझतील, आणि दिव्याचा रंग बटणाने ठरवायचा झाला तर तो एखाद्या दिवशी चुकीचा ठरल्याशिवाय राहणार नाही. सोलापूरच्या उन्हात एलईडी किती टिकते ते एकदा पाहा, असा टोलाही आपण शेवटी लगावला आहे. यांपैकी रंगाविषयीचा आक्षेप मला संपूर्ण मान्य आहे. तो मान्य केला की माझ्या मूळ सूचनेचा एक भाग मागे घ्यावा लागतो, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्या टोकाला हिरवा आणि मागच्या बाजूला पांढरा ही मांडणी विमानांनी जहाजांकडून घेतली. हे दिवे वैमानिकाला वाट दाखवण्यासाठी नसतात. आपण कोणत्या दिशेने चाललो आहोत हे दुसऱ्याला कळावे यासाठी असतात. दोन विमानांचे मार्ग एकमेकांना छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे विमान असेल त्याने वाट द्यावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. उजवीकडून आडव्या येणाऱ्या विमानाची डावी बाजू आपल्याकडे असते, म्हणून आपल्याला त्याचा लाल दिवा दिसतो. डावीकडून येणाऱ्याचा हिरवा दिसतो. म्हणजे लाल दिसला तर वाट द्यायची, हा अर्थ रंगातच बसवलेला आहे. एखाद्या विमानाचे दोन्ही रंग उलटे बसले, तर रात्री त्याच्याकडे पाहणारा वैमानिक ते विरुद्ध दिशेने चालले आहे असे समजेल, आणि आपल्याला फसवले जात आहे हे त्याला कळण्याचे काही साधन नसेल.

आपण आयुष्यभर यंत्रमागांच्या दुरुस्तीत होता, त्यामुळे हा फरक आपल्याला माझ्याहून चांगला कळेल. बाण्याचा धागा तुटला की माग थांबतो आणि जॉबर, म्हणजे मागाची दुरुस्ती करणारा, धावत येतो. पण नक्षी ठरवणाऱ्या जकार्डच्या कार्डांची माळ चुकीच्या क्रमाने ओवली गेली, तर माग थांबत नाही. तो चुकीची नक्षी त्याच वेगाने विणत राहतो आणि चादर उलगडून पाहीपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. विझलेला दिवा हा तुटलेला धागा आहे, चुकीच्या रंगाचा दिवा ही चुकीची ओवलेली माळ. एकाच दिव्यात लाल आणि हिरव्या अशा दोन्ही एलईडी ठेवून बसवताना बटणाने रंग निवडावा, असे मी सुचवले होते, तेव्हा माझे लक्ष फक्त विझणाऱ्या दिव्याकडे होते. ती सूचना मी मागे घेतो.

तिच्या जागी आता माझे म्हणणे असे आहे की, डबा, त्यातील वीजपुरवठ्याचे सर्किट, स्ट्रोब, मागचा पांढरा भाग आणि जोडणीचा प्लग हे सर्व दोन्ही पंखांसाठी एकसारखे असावे, आणि फक्त रंगीत एलईडीची पट्टी वेगळी असावी. या पट्टीला एका बाजूला खाच असावी आणि पंखाच्या टोकावरील बैठकीत त्या खाचेत बसणारा खुंट असावा. लाल पट्टीची खाच डाव्या बैठकीतच बसेल, हिरवीची उजव्याच. रात्री दोन वाजता, झोप अनावर झालेल्या मेकॅनिकनेही ती उलटी बसवायचा प्रयत्न केला तर ती बसणारच नाही. रंग सॉफ्टवेअरने नव्हे, विमानाच्या धातूने ठरवावा, एवढाच याचा अर्थ.

सोपेपणाविषयी मात्र आपले माझे एकमत होणार नाही, असे दिसते. आपण सोपेपणा एका दिव्यातील भाग मोजून ठरवता. मी तो कोठारातील कप्पे मोजून ठरवतो. बल्ब खरोखर साधा आहे, पण एका विमानाला १४ व्होल्टचा लागतो, दुसऱ्याला २८ व्होल्टचा. लाल काच वेगळी, हिरवी वेगळी. जुन्या झेनॉन स्ट्रोबसाठी शेकडो व्होल्ट तयार करणारा स्वतंत्र पेटारा आणि तिथून पंखाच्या टोकापर्यंत जाणारी आवरणयुक्त केबल. शिवाय रंगीत काच बल्बच्या पांढऱ्या प्रकाशातला बराचसा भाग गिळून टाकते, त्यामुळे हव्या तेवढ्या लाल प्रकाशासाठी मोठा बल्ब आणि जास्त वीज लागते. एलईडी मुळातच लाल किंवा हिरवा प्रकाश देते. १० ते ३२ व्होल्टपर्यंत कोणताही पुरवठा चालवून घेणारे सर्किट एकदा नीट केले, तर १४ व्होल्टच्या छोट्या प्रशिक्षण विमानालाही आणि २८ व्होल्टच्या विमानालाही तोच डबा चालेल.

एका बिघाडात सगळे जाईल, हा आक्षेप एक डबा म्हणजे एकच सर्किट असे धरले तरच लागू पडतो. ढगात किंवा धुक्यात शिरल्यावर स्ट्रोबचा झगमगाट परावर्तित होऊन वैमानिकाच्याच डोळ्यांवर येतो, तेव्हा तो बंद करावा लागतो. पण रंगीत दिवे चालूच राहायला हवेत. त्यामुळे दोघांच्या तारा, फ्यूज आणि ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारे सर्किट) वेगळे ठेवणे भागच आहे. एका छपराखाली राहूनही चूल वेगळी असते, तसे. विजेचा लोळ पंखाच्या टोकावर पडण्याची शक्यता जास्त, हे आपण लिहिले नाही, पण लिहायला हवे होते. तिथे नाजूक इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा जुना बल्ब चिवट ठरतो आणि या डब्याला संरक्षणाचा खर्च करावाच लागेल. ड्रायव्हरमधील वेगवान स्विचिंगमुळे विमानाच्या व्हीएचएफ रेडिओत खरखर येऊ नये, यासाठी फिल्टरही हवा. यातले काही फुकट नाही.

खरी अवघड गोष्ट मात्र प्रकाशाची कड आहे. मोठ्या वाहतूक विमानांसाठीच्या अमेरिकी नियमांनुसार लाल दिवा समोरच्या रेषेपासून डावीकडे ११० अंशांपर्यंत आणि हिरवा तेवढाच उजवीकडे दिसला पाहिजे. उरलेले १४० अंश मागच्या पांढऱ्याचे. आडव्या प्रतलात समोरच्या १० अंशांत किमान ४० कँडेला (प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक), पुढच्या १० अंशांत ३० आणि त्यानंतर ११० अंशांपर्यंत केवळ ५ कँडेला पुरतात, कारण समोरून येणाऱ्याशी जवळ येण्याचा वेग सर्वांत जास्त असतो आणि वेळ सर्वांत कमी. पण लाल रंग हिरव्याच्या हद्दीतही फार शिरू नये : हद्दीपलीकडे १० ते २० अंशांत १० कँडेला आणि त्याच्याही पुढे १ कँडेला अशी साधारण मर्यादा आहे. बल्बची फिलामेंट बारीक असते, तिच्यासमोर आडोसा धरला की सावलीची कड स्वच्छ पडते. एलईडींची रांग पसरट असते, म्हणून तिची कड भुरकट पडते. इथे आपला बल्ब जिंकतो, आणि त्यावर उपाय म्हणून प्रत्येक एलईडीसमोर वेगळे छोटे भिंग द्यावे लागते.

आता उन्हाविषयी. आकाशात एलईडीला त्रास नाही. २५,००० फुटांवर प्रमाण वातावरणानुसार तापमान सुमारे उणे ३५ अंश असते आणि वाराही भरपूर असतो. तिची खरी परीक्षा होटगी रस्त्यावरच्या धावपट्टीजवळ, मे महिन्याच्या दुपारी, पारा चाळीसच्या वर असताना, उभ्या विमानावर कोणी दिवे चालू ठेवून चहाला गेले की होते. तापलेली एलईडी बल्बसारखी पटकन मरत नाही. ती महिनोन्‌महिने हळूहळू मंदावते, आणि ४० कँडेलाची ३५ झाली हे डोळ्यांना समजत नाही. त्यामुळे डब्यात प्रकाश मोजणारा छोटा सेन्सर हवा आणि प्रकाश किमान मर्यादेच्या जवळ आला की मेकॅनिकला दिसेल अशी खूण हवी. आपला टोला म्हणूनच वाया गेला नाही, सेन्सर मूळ लेखात नव्हता.

शेपटीवरचा पांढरा दिवा तिथेच ठेवा, हा आपला आग्रह मात्र मला पटलेला नाही. मागचा दिवा शेपटीवर किंवा दोन्ही पंखांच्या टोकांवर ठेवायला नियमांची मुभा आहे. टोकांवर दोन असतील तर एक विझला तरी मागून येणाऱ्याला दुसरा दिसतो, आणि पंख खाली असलेल्या छोट्या विमानात तो बदलायला शिडी लागत नाही.

आपला स्नेहांकित,
सोलापूर

ता. क. – मूळ लेखातील बटणाचा परिच्छेद मी पुसलेला नाही. त्यावर रेघ मारून खाली खाच आणि खुंटाची आकृती जोडली आहे. खुंटाची जाडी किती ठेवावी, हे आपण लोखंडावर काम केलेले असल्याने आपणच सुचवावे.