‘दहा मिनिटांत उतरतं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मुलं रंगाचं थिनर हुंगून नशा करतात, त्यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन आहेत: थिनरची नशा दहा मिनिटांत उतरते, म्हणजे ती दारूपेक्षा सौम्य, रंगारी जन्मभर तोच वास घेतात, त्यांना काही होत नाही, आणि ‘पहिल्याच वेळी मृत्यू’ असं लिहून मी पालकांना उगाच घाबरवलं.

लवकर उतरते, हे खरं. थिनरमधलं टोल्यूइन चरबीत विरघळतं, फुप्फुसातून काही सेकंदांत मेंदूत जातं आणि रक्तातली पातळीही झपाट्याने खाली येते. दारू मोडायला यकृताला वेळ लागतो, तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम. पण लवकर उतरते म्हणूनच मुलं थिनरमध्ये भिजवलेला रुमालाचा बोळा पुन्हा पुन्हा नाकाशी नेतात. महिनोन्महिने हे चाललं की मेंदूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजतं. तोल जातो, हात थरथरतात, विसर पडतो. मूत्रपिंडांतून पोटॅशियम निघून जातं आणि एखाद्या सकाळी हातपायच उचलत नाहीत. रबर चिकटवायच्या काही सोल्यूशनमध्ये एन-हेक्सेन हे रसायन असतं. त्याने पायाच्या बोटांपासून बधिरता चढते आणि ओढणं बंद केल्यावरही काही आठवडे वाढत राहते. ‘सोडलं तरी बिघडतंय’ म्हणून घरचे गोंधळतात, ते यामुळे.

रंगाऱ्यांना काही होत नाही, हे कुणी सांगितलं? डेन्मार्क-स्वीडनमध्ये 1970च्या दशकापासून त्यांच्या मेंदूविकारांची नोंद आहे. शिवाय मात्रेचा फरक बघा. टोल्यूइनची 500 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 500 भाग) पातळी अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी संस्था जिवाला तात्काळ धोकादायक मानते. पिशवीत तोंड घालून ओढणाऱ्याच्या श्वासात ती हजारोंच्या घरात जाते.

आता मृत्यूचं. ही वाफ हृदयाच्या स्नायूला अ‍ॅड्रेनलिनच्या (भीती-धावपळीत शरीरात सुटणाऱ्या संप्रेरकाच्या) बाबतीत अतिसंवेदनशील करते. अशात मुलगा दचकला, पळाला, कुणी मागे लागलं, की अ‍ॅड्रेनलिन उसळतं आणि हृदयाची लय बिघडून ते नुसतं थरथरत राहतं. याला सवय लागलेली असावी लागत नाही. म्हणून पकडलंत तर ओरडू नका, मारू नका, पाठलाग तर मुळीच नको. शांतपणे बोळा काढून घ्या, मोकळ्या हवेत बसवा, जवळ काडी ओढू नका. शुद्ध नसेल पण श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा आणि 108ला फोन करा. मीठपाणी पाजून ओकवू नका, ओकारी श्वासनलिकेत जाते. श्वास थांबला तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 दाब.

दारू सौम्य, असं मी कुठेच म्हटलेलं नाही. दोन्ही एकत्र घेतली तर उलट जास्त वाईट: अल्कोहोलमुळे टोल्यूइन मोडण्याचा वेग मंदावतो, ते रक्तात जास्त वेळ टिकतं, आणि श्वास मंदावण्याचं काम दोघंही करतात. 2015 साली मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने 100हून अधिक माणसं गेली, तिथे मारेकरी मिथेनॉल होतं. तेही टोल्यूइनसारखं एक सॉल्व्हंटच (द्रावक), काही थिनरमध्ये असतं. शरीरात त्याचं विषारी फॉर्मिक आम्ल व्हायला कित्येक तास लागतात. त्यामुळे रात्री बरा दिसणारा माणूस दुसऱ्या दिवशी ‘धूसर दिसतंय’ म्हणतो. तेव्हा ‘हँगओव्हर’ समजून झोपू देऊ नका. दवाखान्यात न्या आणि बाटली किंवा डबा सोबत घ्या. आत काय होतं ते कळलं तर डॉक्टरांचा वेळ वाचतो.