‘पानी’ लिहिणाऱ्या लेकरांबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर, नमस्कार.

मुलांनी रोज दहा ओळी स्वतःच्या पाहण्यातल्या लिहाव्यात, आणि पहिला खर्डा वऱ्हाडीत उतरला तरी चालेल, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही मोठी प्रतिक्रिया लिहिलीत. तीस वर्षं वह्या तपासलेल्या माणसानं इतका वेळ दिला, त्याबद्दल आधी आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. बोर्डात गुण पाठ केलेल्या निबंधाला मिळतात. वऱ्हाडीत लिहू दिलं तर आपली लेकरं शहरातल्या मुलांच्या मागे पडतील. आणि साठ वह्या रोज तपासणार कोण?

वह्यांचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. लेखात मी ते सोपं करून सांगितलं, ती माझी चूक. मी स्वतः साठ वह्या रोज तपासत नाही, तपासूही शकत नाही. दिवसाला सहा-सात घेते. बाकीची मुलं जोडीनं बसतात आणि एक दुसऱ्याचं लिहिलेलं मोठ्यानं वाचतो. जिथं वाचणारा अडखळतो, तिथं पेन्सिलनं रेघ. क्रियापद राहिलेलं डोळ्याला दिसत नाही, कानाला लगेच कळतं. एवढ्यावर निम्मी दुरुस्ती मुलंच करतात.

गुणांचं मात्र मला पटत नाही. दहावीच्या मराठीच्या, म्हणजे कुमारभारतीच्या, 80 गुणांच्या लेखी परीक्षेत उपयोजित लेखनाला 24 गुण आहेत आणि त्यात निबंधाचे फक्त 8. उरलेले 16 पत्र किंवा सारांश, बातमी, जाहिरात, कथा यांचे. तिथं मजकुराचा धागा प्रश्नातच दिलेला असतो, पाठांतर कुठं लावणार? निबंधातही प्रसंगलेखन विचारतात. घोकून आलेला मुलगा तिथं तोच पावसाळा आणि तेच थुईथुई नाचणारे मोर घेऊन बसतो.

आता वऱ्हाडीचा मुद्दा. याच्यावर मला जास्त बोलायचं आहे.

गेल्या हिवाळ्यात नववीला ‘शेतकरी’ हा विषय दिला. सात वह्यांमध्ये एकच वाक्य होतं : ‘शेतकरी हा देशाचा कणा असून तो ऊन, वारा, पाऊस यांची पर्वा न करता राबतो.’ त्यातली एक वही अशा मुलीची, जिची आई तेव्हा रोज कापूस वेचायला जात होती. मी तिला जवळ बोलावून विचारलं, काल संध्याकाळी आई घरी आली तेव्हा तिनं आधी काय केलं? ती म्हणाली, “हात कोमट पान्यात बुडोले.” काहून? “बोंडं टोचतात न मॅडम. नखापाशी चिरा पडतात.” मी म्हटलं, हेच लिही, जसं बोललीस तसं.

तिनं लिहिलं : ‘माह्या मायनं हात कोमट पान्यात बुडोले. बोटाले चिरा पडल्या होत्या. मंग मले म्हने आज भाकरी तू टाक.’

दुसऱ्या दिवशी ती आणि मी हेच प्रमाण मराठीत लिहायला बसलो. ‘आईने हात कोमट पाण्यात बुडवले. बोंडांची वाळलेली टोकं लागून नखांपाशी चिरा पडल्या होत्या. त्या दिवशी भाकरी मी थापल्या.’ ‘वाळलेली टोकं’ मी सुचवलं नव्हतं. चिरा नेमक्या कशानं पडल्या, एवढंच विचारलं होतं. शेवटचं वाक्य तर तिनं माझ्याकडे न बघता बदललं. सर, ती वऱ्हाडीत अडकून राहिली असं तुम्हाला वाटतं का? मला तर ती वऱ्हाडीतून प्रमाण भाषेत चालत आलेली दिसली, आणि येताना सांगण्यासारखं काही घेऊन आली. कण्याच्या वाक्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, पण ते वाक्य तिचं नव्हतं.

शुद्धलेखन नको असं मी कधीच म्हणणार नाही. उलट वऱ्हाडी ओळखली तर ते शिकवणं सोपं जातं. आपली मुलं ‘पानी’, ‘कोन’ लिहितात ती निष्काळजीपणानं नाही. त्यांच्या घरात ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘य’ : डोया, शाया, काया. कान जे सांगतो ते हात लिहितो. वहीत वीस ठिकाणी लाल गोल काढले तर मुलाला वाटतं, मला काहीच येत नाही. खरं तर त्याच्या चुका दोनच असतात, वीस वेळा आलेल्या. म्हणून मी पंधरा दिवस फक्त ‘ण’ घेते. मुलं अंगण, लोणी, वेचणी, डवरणी असे घरातले-वावरातले शब्द गोळा करतात. मग ‘ळ’. त्यानंतर ऱ्हस्व-दीर्घ, तेही त्यांच्याच वाक्यांतून : ‘विहीर’ दीर्घ, पण ‘विहिरीवर’ म्हटलं की ‘हि’ ऱ्हस्व. मराठी लेखनाचे शासनमान्य नियम 18 आहेत, 14 नियम 1962चे आणि 4 नंतर 1972चे. शाळेच्या वर्षात एकेक करून ते सहज बसतात.

मी शाळेत असताना माझ्या निबंधातला ‘वावर’ खोडून वर ‘शेत’ लिहिलं गेलं होतं, कारण न सांगता. शब्द बरोबर होता की चूक हे मला कळलं नाही. पुढची दोन वर्षं मी निबंधात आमच्या घरचं काहीच लिहिलं नाही. म्हणून हा विषय माझ्यासाठी नुसता पद्धतीचा नाही.

आणि आपण कुठल्या मातीत शिकवतो तेही बघा ना. मराठी गद्यातला आद्य ग्रंथ मानलं जाणारं लीळाचरित्र तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला लिहिलं गेलं. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिलं-ऐकलं होतं, त्यांना विचारून विचारून म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या. स्वामी कुठं बसले, कोण काय बोललं, असं बारीकसारीक सगळं त्यात आहे, आणि भाषा लोकांच्या बोलण्यातली. नववीच्या मुलांना मी हेच सांगते : आधी विचारा, बघा, मग लिहा.

पत्रलेखनालाही हेच लागू पडतं. रस्त्यावरच्या बंद दिव्यासाठी ग्रामपंचायतीला पत्र लिहायला दिलं, तर सगळ्यांनी ‘योग्य ती कार्यवाही करावी’ लिहिलं. दिवा कोणता, ते एकानंही नाही. दुसऱ्या खर्ड्यात आलं : ‘मारुतीच्या देवळापासून तिसरा खांब, पोळ्यापासून बंद.’

तुम्ही लिहिलंय की वर्गात मुलांकडून रोज दहा शब्द लिहून घेत होता आणि त्यांच्या याद्या एका वहीत जपून ठेवल्या आहेत. ती वही अजून असेल तर ‘ण’ आणि ‘ळ’च्या पानांचे फोटो पाठवाल का? माझ्या यादीत ‘ळ’चे शब्द कमी पडतात. आणि जमलं तर एखाद्या शनिवारी वर्गातच या, शाळा सकाळची असते. मुलांच्या वह्या तुम्हाला दाखवायच्या आहेत, पहिल्या खर्ड्यासकट.

तुमची,
एक शिक्षिका