घर सजवायला पैसे कमी असतील तर दुकानात शेवटी जा

सण जवळ आला की फोन उघडताच सजवलेली घरं दिसायला लागतात. छान असतात, बघायलाही आवडतात. पण ती बघून कुणी म्हणतं, "आमच्याकडे काय सजवायचं, आणि कशाच्या जोरावर?" तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. हे वाक्य मी जवळच्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

माझं मत असं, की हाताशी पैसे बेताचे असतील तर सजावटीचं सामान सगळ्यात शेवटी घ्यावं. आधी घरातला पसारा काढावा, मग उजेडाकडे बघावं, आणि तरीही काही कमी वाटलं तरच खरेदीला निघावं. बहुतेक घरांत हे उलटं होतं. स्वस्त दिसतं म्हणून एक चमकीची झालर, एक प्लास्टिकची वेल, दोन लटकनं असं सुटं सुटं उचललं जातं. एकेक वस्तू किरकोळ किमतीची असते, पण सगळ्याची बेरीज केली तर त्यात दिव्यांची एक चांगली माळ आली असती. शिवाय त्या वस्तूंचे रंग एकमेकांशी भांडत बसतात ते वेगळंच. आणि सजावटीसाठी हप्ते किंवा उधारी तर अजिबात नको. सण संपल्यावर महिनोन्‌महिने फेडत राहावी लागते अशी सजावट घराला कसलाच आनंद देत नाही.

पसाऱ्याचं म्हणाल तर तो रोज समोर असल्यामुळे आपल्याला दिसेनासा झालेला असतो. टीव्हीखालचा कागदांचा गठ्ठा, फ्रिजवरचे डबे, दारामागच्या पिशव्या, खुर्चीच्या पाठीवर साठलेले कपडे. दारात उभं राहून खोलीचा एक फोटो काढा. जे डोळ्यांतून निसटतं ते फोटोत लगेच सापडतं. त्या सामानाला जागा नसेल तर खोक्यात भरून सणापुरतं पलंगाखाली सरकवा. लहान घरात राहणाऱ्या माणसाने एवढी सवलत हक्काने घ्यावी.

मग सजवायला एकच जागा निवडा. आत येणाऱ्याची नजर जिथे पहिल्यांदा पडते ती भिंत, किंवा घरातले सगळे संध्याकाळी जिथे टेकतात तो कोपरा. चार खोल्यांत थोडं थोडं वाटलेलं काहीच उठून दिसत नाही. तेवढंच सामान एका जागी आणलं की भरगच्च वाटतं.

आता उजेड. पैसे कुठे घालायचेच असतील तर ते इथे घाला. १८८२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरातल्या ख्रिसमसच्या झाडावर ८० रंगीत विजेचे दिवे लावले होते. तेव्हा ही श्रीमंतांनाच परवडणारी चैन होती. पुढे निळा एलईडी तयार झाला, त्यातून पांढरा उजेड देणारे एलईडी आले, आणि त्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तारेच्या जुन्या छोट्या बल्बांची १०० दिव्यांची माळ साधारण ४० वॅट वीज खायची. आता तेवढ्याच एलईडींची माळ थोडक्या वॅटमध्ये चालते. म्हणजे बिलाची काळजी न करता संध्याकाळभर लावता येते. मला ही खरोखर मोठी गोष्ट वाटते.

माळ घेताना खोक्यावरचा केल्व्हिनचा, म्हणजे उजेडाचा रंग सांगणारा, आकडा बघा. २७०० ते ३००० असेल तर उजेड पिवळसर, उबदार पडतो. ६५०० चा उजेड निळसर पांढरा असतो. तो कामाला ठीक आहे, सणाच्या संध्याकाळी मात्र त्यात माणसांचे चेहरेही थकलेले दिसतात. आणि माळ लावली की छतावरची ट्यूब बंद करायला विसरू नका. तिच्या झगझगाटात कुठलीही माळ फिकीच पडते.

माळ भिंतीवर नागमोडी ठोकण्यापेक्षा दिवे लपवून उजेड तेवढा दाखवलेला मला जास्त आवडतो. पातळ पडद्यामागे सोडा, फळीच्या मागच्या कडेने फिरवा, किंवा आरशासमोर ठेवा, म्हणजे तेवढेच दिवे दुप्पट दिसतील. एक प्रयोग तर जरूर करून बघा. वाळलेली, भरपूर फाटे असलेली फांदी जड बरणीत उभी करा आणि पुढे जमिनीवर एक छोटा विजेचा दिवा ठेवा. दिवा फांदीच्या जवळ सरकवला की सावली मोठी होत होत छतापर्यंत जाते, लांब नेला की लहान पण रेखीव होते. अख्खी भिंत सजते, खिळा एकही ठोकावा लागत नाही.

भिंतीसाठी कागद पुरतो. खाकी कागदाची पट्टी कापा, लांबी रुंदीच्या पाच-सहा पट ठेवा. लांबी कमी पडली तर गोल पूर्ण मिटत नाही, मध्ये फट राहते आणि बहुतेक जण इथेच वैतागून सोडून देतात. बोटभर रुंदीच्या घड्या एकदा पुढे, एकदा मागे अशा घाला. प्रत्येक घडी नखाने दाबून घ्या. मधोमध दोऱ्याने घट्ट बांधा, दोन्ही बाजू पंख्यासारख्या उघडा आणि भेटणाऱ्या कडा चिकटवा. लहान-मोठी अशी पाच-सात चक्रं एकाच रंगात करून जवळ जवळ लावा. मुलांना या कामात जरूर घ्या. त्यांची घडी वाकडी गेली तर सरळ करायला जाऊ नका, लावताना तेच चक्र ती आधी मागतात.

चमकीची सुटी पूड मात्र नको. ती बहुतेक वेळा प्लास्टिकचीच असते, झाडून पूर्ण निघत नाही आणि धुतली की पाण्यात जाते. युरोपीय संघाने सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर ऑक्टोबर २०२३ पासून बंदी आणली, ती उगाच नाही.

भाड्याच्या घरात असाल तर साधी चिकटपट्टी भिंतीला लावू नका, रंगाचे पापुद्रे निघतात. मास्किंग टेप रंगकामासाठीच बनलेली आहे, ती सहसा अलगद सुटते. तरी आधी कपाटामागे छोटा तुकडा लावून बघा. कागद आणि पडद्याजवळ उघडी ज्योत नको. एकाच बोर्डात दुसरा बोर्ड अडकवून माळांची रांग लावू नका. किती माळा एकमेकींना जोडता येतील ते खोक्यावर लिहिलेलं असतं, तेवढ्याच जोडा.

सण झाल्यावर माळ पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवा. पुठ्ठ्याच्या कडेला खाच पाडून प्लगकडचं टोक त्यात अडकवलं तर पुढच्या वेळी गुंता सोडवत बसावं लागत नाही. कागदाची चक्रं दाबू नका, चिकटवलेल्या कडा अलगद सोडवून घड्यांवर पुन्हा पट्टीसारखी मिटा, वर रबर लावा. सगळं एका खोक्यात, आणि खोक्यावर मार्करने आत काय आहे ते लिहा. माळेचा एखादा भाग बंद पडला असेल तर तेही लिहून ठेवा.