‘मिंट कंडिशन’ म्हणे!

पणजी-मडगावात कॅमेऱ्याच्या सेकंडहँड लेन्स विकणाऱ्यांचं एकच पालुपद: ‘एकदम मिंट कंडिशन!’ म्हणजे अगदी नव्यासारखी. अहो, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले की समजा, बुरशी! गोव्याच्या पावसाळ्यात कपाटात कोंडलेल्या लेन्सचं दुसरं काय होणार? ही बुरशी काचेवरचं कोटिंग खाते. साफ केली तरी डाग राहतात, उजेडासमोर फोटो पांढुरका येतो. वर ५० एमएम एफ १.२ लेन्सचे (एफचा आकडा लहान, तितकं अ‍ॅपर्चर मोठं) नव्याच्या जवळपास पैसे मागायचे! त्यापेक्षा नवी एफ १.८ घ्या ना. अ‍ॅपर्चर लहान करून एफ ४ वर आणलं की दोघींतला फरक शोधूनही सापडणं कठीण. वाचलेल्या पैशांत ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, येतं; आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवायची. पण नाही, आमच्या लोकांना लेन्सच्या बॅरलवर महागड्या मॉडेलची लाल पट्टीच हवी!