‘जर्मनीत इंग्रजीवर भागतं’ म्हणे!

जर्मनीला निघालेल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला हमखास फिरतो: जर्मन शिकत बसू नका. ऑफिस इंग्रजीत चालतं, पत्रं फोन वाचून दाखवतो आणि तिथे राहिलं की भाषा आपोआप येते.

ऑफिसचं अर्धं खरं आहे. बर्लिन, म्युनिकच्या बऱ्याच आयटी कंपन्यांत इंग्रजीवर निभावतं. सरकारी कामकाजाची भाषा मात्र कायद्यानेच जर्मन आहे. नव्या घरात गेल्यावर २ आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, म्हणजे ‘आनमेल्डुंग’ करायचं, घरमालकाचा सही केलेला दाखला जोडून. खिडकीपलीकडची व्यक्ती इंग्रजी बोललीच तर तो तिचा चांगुलपणा. नर्सिंगला जाणाऱ्यांनी हा सल्ला वाचूसुद्धा नये, तिथे साधारण बी२ लागतं, म्हणजे भाषेच्या ए१ ते सी२ या सहा पातळ्यांतली चौथी.

फोन पत्राचा अर्थ सांगतो, पण मुदत कधीपासून चालू झाली ते पत्रात नसतं. कोर्टाचं किंवा सरकारी पिवळं पाकीट आलं तर पोस्टमनने त्यावर हाताने तारीख टाकलेली असते. तुम्ही तेव्हा सुट्टीवर पुण्यात असलात तरी पाकीट पेटीत पडलं त्या दिवशी ते मिळालं असं धरतात. आत ‘मानबेशाइड’, म्हणजे थकबाकीचा कोर्टाचा आदेश असेल, तर हरकत घ्यायला २ आठवडे. दावा खरा की खोटा हे कोर्टाने तपासलेलंच नसतं, त्यामुळे ‘आपण तर पैसे भरलेत’ म्हणून गप्प बसलात की पुढचा आदेश थेट वसुलीचा. म्हणून पाकीट फेकू नका, तारखेचा फोटो काढा आणि सोबतचा हरकतीचा फॉर्म भरून, सही करून लगेच पाठवा.

घर सोडायची नोटीसही अशीच. ईमेल चालत नाही, कागदावर पेनाने केलेली सही लागते. महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत ती घरमालकाच्या हाती पोचली तरच तो महिना ३ महिन्यांच्या मुदतीत धरतात. एक दिवस उशीर, एका महिन्याचं भाडं अंगावर.

आणि आपोआप? तुम्ही अडखळलात की समोरचा सौजन्याने इंग्रजीवर येतो, तिथेच सराव संपतो. बरं, भाषा आली तरी आपलं ‘बघतो, करतो’ तिथे होकार म्हणून नोंदलं जातं. जमणार नसेल तर मीटिंगमध्येच नाही म्हणावं, कोणी राग धरत नाही.

ब्लू कार्डवाल्यांसाठी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना असलेल्यांसाठी, हिशेब सरळ आहे. बाकीच्या अटी पूर्ण असतील तर कायम वास्तव्याचा परवाना ए१ वर २७ महिन्यांनी मिळतो, बी१ वर २१ महिन्यांनी.