हात होते, पत्रे नव्हते

नेपाळमध्ये २०१५च्या भूकंपानंतर मदतीला गेलेल्या चर्चच्या मिशन टीमचं कौतुक करणारा लेख वाचला. पण ‘गावात काम करायला माणसंच नव्हती’ हे लेखातलं वाक्य खटकलं. मीही तेव्हा आमच्या चर्चच्या गटाबरोबर तिथल्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यात गेले होते. तरुण पोरं आखातात नाहीतर मलेशियात कामाला, हे खरं. पण मागे राहिलेल्या बायका कपाळाला पट्टा लावून पाठीवरच्या टोपलीतून दगड वाहत होत्या आणि त्यांच्या वेगापुढे आम्ही सपशेल हरत होतो. अडत होतं ते छपराच्या पत्र्यांवाचून. जूनमध्ये पाऊस सुरू होणार आणि डोक्यावर छप्पर नाही! आमच्या विमानाच्या तिकिटांत किती घरांचे पत्रे आले असते, हा हिशेब मी तिथेच बोलून दाखवला. गटात तो फारसा कुणाला रुचला नाही, ते असो.

आणखी एक गोष्ट लेखात राहूनच गेली. भूकंप झाला त्या २५ एप्रिलला शनिवार होता. नेपाळमध्ये सुट्टी शनिवारची, म्हणून चर्चची उपासनाही त्याच दिवशी. दुपारी बाराच्या सुमाराला धक्का बसला तेव्हा लोक प्रार्थनेला जमलेले होते. काही जण तिथेच ढिगाऱ्याखाली गेले. तरीही कुठल्या वाडीत तांदूळ पोचला, कुणाला ताडपत्री मिळाली नाही, याची वही आम्ही गेलो तिथल्या पाळकांकडेच, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडेच होती. आम्ही त्यांच्या सांगण्यावरून हललो. फोटोत मात्र एकसारखे टी-शर्ट घातलेले आम्हीच! लेखकाने अशा एखाद्या पाळकाशी तरी बोलायला हवं होतं.