एक उठला, सगळे सरकले

यादीतल्या सम संख्या काढून टाकायच्या. दोन ओळींचं काम. म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत २, ४, ६, ८ अशी यादी घ्या, तिच्यावरच लूप (एकेक घटक तपासत जाणारी फेरी) फिरवा आणि सम दिसला की रिमूव्ह, म्हणजे काढून टाका. काहीच उरायला नको, पण उरतात ४ आणि ८. लूप फक्त जागेचा क्रमांक मोजत असतो, तोही शून्यापासून. शून्याव्या जागेवरचा २ गेला की मागचे सगळे एकेक घर पुढे सरकतात. ४ शून्याव्या जागेवर येऊन बसतो, लूप मात्र पहिल्या जागेकडे निघालेला. तिथे ६ सापडतो आणि जातो. लूप दुसऱ्या जागेवर पोचतो तोवर ८ पुढे सरकलेला, तिथे शुकशुकाट. एरर नाही, वॉर्निंग नाही. त्यातून टेस्टला १, २, ३, ४ असे गुणी आकडे घेतले तर उत्तर चक्क बरोबर येतं, कारण दोन सम शेजारी बसलेलेच नसतात!

जावा ही दुसरी भाषा निदान बोंब तरी मारते. ॲरेलिस्ट, म्हणजे तिथली यादी, आपल्यातल्या वाढ-घटीची मोजणी मॉडकाउंट नावाच्या आकड्यात ठेवते. यादीतून एकेक घटक हाती देणारा इटरेटर ती सुरुवातीला टिपतो आणि दर नेक्स्टला, म्हणजे पुढचा घटक देताना, ताडून बघतो. जुळलं नाही की कन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन, म्हणजे ‘एकाच वेळी बदल’ झाल्याची एरर. (थ्रेड, म्हणजे चालू कामाचा धागा, एकच, मग यातला ‘कन्करंट’ कोण? आपणच.) पण शेवटून दुसरा घटक काढलात तर साइज घटून नेमकी कर्सरइतकी (इटरेटरच्या पुढच्या जागेच्या क्रमांकाइतकी) होते, ‘अजून घटक आहे का’ बघणारा हॅजनेक्स्ट ‘संपलं’ म्हणून मोकळा होतो आणि ताडणी होतच नाही. शेवटचा घटक न तपासता सटकतो. तीन घटकांतला मधला काढणारी टेस्ट म्हणूनच हिरवीगार, म्हणजे पास.

त्यापेक्षा इटरेटरचाच रिमूव्ह वापरावा, किंवा जावा ८ पासूनचं, अट देऊन घटक काढणारं रिमूव्हइफ. पायथॉनमध्ये हवे तेवढे निवडून सरळ नवी यादी करावी. सी++ भाषेतल्या व्हेक्टर या यादीत घटक काढणारं इरेज पुढचा इटरेटर परत देतं, तो झेलायचा. जुनाच पुढे ढकलला तर काहीही होऊ शकतं, अगदी व्यवस्थित चालूसुद्धा शकतं. इंडेक्सचाच, म्हणजे जागेच्या क्रमांकाचाच, हट्ट असेल तर शेवटाकडून उलटं यावं. सरकतात ते तपासून झालेलेच.

आणि पायथॉनच्या त्या लूपमध्ये काढण्याऐवजी दर फेरीला ॲपेंड केलंत, म्हणजे शेवटी नवा घटक जोडलात, तर कोणी सुटत नाही. यादी लूपच्या पुढे पुढे पळत राहते. संपते ती मेमरी.